धरणीच्या पोटातील ऊब आणि आपली घरकुले

पौष महिन्यातील एखाद्या पहाटे आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही गावी विहिरीवर जाऊन उभे राहावे. अंगावर घोंगडी असते, तोंडातून वाफ निघते, अंगणातील घागरीत रात्रभर राहिलेले पाणी बोटांस झोंबते. परंतु विहिरीतून नुकत्याच वर आलेल्या पोहऱ्यात हात घातला, तर ते पाणी सुखद कोमट लागते. तीच विहीर वैशाखातील भर दुपारी गाठावी, तिचे पाणी ओंजळीने प्यावे, तर जीव थंड होतो. हिवाळ्यात ऊन आणि उन्हाळ्यात गार! मनुष्याला जे जेव्हा हवे, ते तेव्हा देणारी ही विहीर ऋतू ओळखते की काय, असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात लहानपणी आला असेल.

विद्यार्थीमित्रहो, या साध्या प्रश्नाच्या उत्तरात एक मोठे शास्त्रीय तत्त्व दडलेले आहे. त्या तत्त्वाच्या बळावर थंड देशांतील गरीब कुटुंबांची घरे सांप्रत अल्प खर्चात उबदार होऊ लागली आहेत. त्याच तत्त्वाचा विचार आपल्या जिल्ह्यातील लोकांनी, विशेषतः १९९३ च्या भूकंपानंतर नवी घरे मिळालेल्या व आज घरकुले बांधू पाहणाऱ्या लोकांनी, का करावा, हे या लेखात सांगावयाचे आहे.

विहीर बदलत नाही

प्रथम प्रश्नाचे उत्तर पाहू. विहिरीत एक उष्णतामापक सोडून पौषात व वैशाखात पाण्याचे तपमान मोजले, तर दोन्ही वेळा पारा जवळजवळ एकाच रेघेवर उभा राहिलेला दिसतो. आपल्या भागात ही रेघ २६-२७ अंशांच्या आसपास असते. म्हणजे विहीर बदलत नाही. बदलतो तो आपला हात. पहाटेच्या बारा-तेरा अंशांच्या हवेत गारठलेल्या हातास २६ अंशांचे पाणी ऊन भासते, आणि चाळीस अंशांच्या उन्हात तापलेल्या हातास तेच गार भासते.

याचा पडताळा घरीच घेता येतो. तीन भांडी घ्यावी. एकात सोसेल इतके ऊन पाणी, दुसऱ्यात माठातील गार पाणी व तिसऱ्यात साधे पाणी घ्यावे. एक हात ऊन पाण्यात व दुसरा गार पाण्यात मिनिटभर ठेवून नंतर दोन्ही हात एकदम साध्या पाण्यात बुडवावे. एकच पाणी एका हातास थंड व दुसऱ्या हातास ऊन लागेल. आपली इंद्रिये तुलना करितात, मोजमाप करीत नाहीत; म्हणूनच शास्त्रास उपकरणांची गरज पडते.

आता दुसरा प्रश्न असा की, वर हवेत एवढी उलथापालथ होत असता खाली पाणी इतके स्थिर कसे राहते? माती व खडक हे उष्णतेचे मंद वाहक आहेत. दुपारचे ऊन जमिनीच्या पृष्ठभागास भाजून काढते. परंतु ती उष्णता खाली उतरू लागते न लागते तोच सूर्य मावळतो, रात्र पडते आणि जमीन निवू लागते. म्हणून दिवस व रात्र यांतील फरक हातभर, फार तर दोन हात खोलीपर्यंतच पोहोचतो. उन्हाळा व हिवाळा यांची लाट मोठी. ती काही मीटर खाली जाते, पण जसजशी खाली जाते तसतशी क्षीण होते. साधारण आठ-दहा मीटरांखाली दोन्ही ऋतूंचे भांडण मिटलेले असते. तेथे त्या स्थळाचे वर्षभराचे सरासरी तपमान तेवढे उरते. आपल्या धाराशिवात ते २६-२७ अंश, तर इंग्लंडसारख्या देशात दहा-अकरा अंश.

येथे एका गैरसमजाचे निरसन केले पाहिजे. जमिनीतील उष्णता म्हटली की पुष्कळांस वज्रेश्वरी अथवा उनकेश्वर येथील उष्ण पाण्याचे झरे आठवतात. ते झरे भूगर्भात खोलवर जाऊन तापून आलेल्या पाण्याचे आहेत. पृथ्वीच्या पोटात खोल जावे तसतशी उष्णता वाढते, जगात सर्वसाधारणपणे दर किलोमीटरास पंचवीस-तीस अंश. परंतु विहिरीची ऊब त्या पाताळातून येत नाही. ती सूर्याचीच ठेव आहे. उन्हाळ्यात धरणीने ती जमा करून घेतली आणि हिवाळ्यासाठी राखली. असे झरे विशिष्ट स्थळीच सापडतात; ही ठेव मात्र श्रीमंताच्या वाड्याखाली आहे तशीच गरिबाच्या झोपडीखालीही आहे.

पूर्वजांनी घेतलेला लाभ

हे तत्त्व पुस्तकात मांडले जाण्यापूर्वी आपल्या पूर्वजांनी ते अनुभवाने ओळखले होते. मराठवाड्यातील शेतकरी जोंधळा पेवात साठवीत असे. जमिनीत खोल खोदलेल्या, मुखाशी अरुंद व पोटाशी रुंद अशा त्या कोठारात उन्हाळ्याची झळ व पावसाळ्याची ओल पोहोचत नसे, म्हणून धान्य टिके. धाराशिव शहराजवळ बालाघाटाच्या डोंगरात कोरलेल्या लेण्यांत दुपारी प्रवेश केला की, बाहेरील ऊन जणू दाराशीच थांबते. ज्यांनी ती लेणी खोदली त्यांस पूजा व ध्यान यांसाठी स्थान हवे होते. खडकाने त्यांस गारवाही दिला.

याचे सर्वांत देखणे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात नळदुर्ग येथे आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी, विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशहा याच्या काळात, किल्ल्यालगत बोरी नदीवर भक्कम दगडी बंधारा बांधण्यात आला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच दालने काढण्यात आली. त्यास पाणीमहाल म्हणतात. पावसाळ्यात नदी भरली की 'नर' व 'मादी' या नावांनी ओळखले जाणारे दोन प्रवाह बंधाऱ्यावरून कोसळतात, आणि आतील सज्जात उभा असलेला मनुष्य कोरडा राहून पाण्याचा पडदा पाहतो. सहलीस गेलेल्या विद्यार्थ्यांनी तो देखावा अवश्य पाहिला असेल. परंतु पुढील खेपेस त्यांनी भिंतीस हात लावून पाहावा. जाड दगड व पाणी यांच्या सान्निध्यामुळे ती दालने कडक उन्हातही शीतल राहतात. तेथे पंखा नाही की वीज नाही.

राजाला पाणीमहाल मिळाला; रयतेला काय? रयतेपाशी माळवदाचे घर होते. दोन-दोन, कधी त्याहून अधिक फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर किलचा व त्यावर पांढऱ्या मातीचा एक-दोन फुटांचा थर, अशी ती रचना. दरवर्षी मृगाच्या आधी माळवदावर नवी माती चढे. दुपारचे ऊन एवढा थर ओलांडून खाली येईपर्यंत रात्र होई, आणि रात्रीचा गारवा घरात उतरेपर्यंत दुसरी दुपार उजाडे. त्यामुळे घरात ना फार ऊन ना फार थंडी. जणू प्रत्येक कुटुंबाने धरणीचाच एक तुकडा उचलून डोक्यावर घेतला होता.

एका रात्रीचा धडा

परंतु डोक्यावर घेतलेली धरणी एके रात्री कोसळली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, गणेशविसर्जन करून थकलेले लोक गाढ झोपेत असता, लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद हे दोन जिल्हे भूकंपाने हादरले. लातूर जिल्ह्यात किल्लारी, आपल्या जिल्ह्यात सास्तूर, होळी, राजेगाव अशी गावेच्या गावे क्षणार्धात दगडांचे ढीग झाली. आठ ते दहा हजार माणसे मृत्यू पावली. भूकंप जगातील मोठ्यांपैकी नव्हता. मृत्यू आला तो विशेषतः घरांच्या रचनेने. भिंतींची बाहेरील व आतील बाजू एकमेकींस जोडदगडांनी बांधलेली नव्हती, मधल्या पोकळीत कपच्या व माती भरलेली होती, आणि वर मातीचा प्रचंड भार होता. भिंती फुगून फाटल्या व तो भार झोपलेल्या माणसांवर आला. अनेक वर्षे पावसाळ्यापूर्वी घालण्यात आलेली माती, जिने कुटुंबास उन्हापासून राखले होते, तीच त्यांच्यावर पडली.

पुढे सरकारने जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाची मोठी योजना हाती घेतली. देशोदेशींच्या संस्थाही धावून आल्या. दोन्ही जिल्ह्यांतील बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. कुटुंबाच्या जमिनीप्रमाणे २५०, ४०० अथवा ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. सिमेंट-काँक्रिटच्या या घरांनी मृत्यूचे भय दूर केले, हा लहान उपकार नव्हे. तथापि, ज्यांनी त्या घरांत उन्हाळा काढला आहे त्यांस ठाऊक आहे की, चार-पाच इंचांचे उघडे काँक्रिट दिवसभर तापते आणि रात्री ती सारी उष्णता खाली झोपलेल्यांवर सोडते. वरील पत्र्याच्या शेडची गोष्ट तर बोलावयासच नको. उन्हाळ्याच्या रात्री बाजा अंगणात येतात त्या यामुळेच.

म्हणजे आपल्यापुढील प्रश्न स्पष्ट झाला. जुने घर सुखाचे, पण जीवघेणे. नवे घर निर्धोक, पण तापट. सुख व सुरक्षा ही दोन्ही एका छपराखाली, आणि तीही गरिबास परवडेल अशा खर्चात, कशी नांदतील? गंमत अशी की, हाच प्रश्न आपल्या उलट हवामानाच्या देशांतही उभा राहिला, आणि तेथे त्याचे एक उत्तर सापडले. म्हणून थोडा वेळ त्या देशांकडे वळू.

जेथे थंडी हीच वैरीण

इंग्लंडात १९१९ च्या कायद्यानंतर नगरपालिकांनी कामकरी लोकांसाठी अल्प भाड्याची घरे मोठ्या प्रमाणावर बांधली. आपल्याकडील घरकुलांची ती वडील बहीण म्हणावी. दुसऱ्या महायुद्धानंतर उंच इमारतीही उठल्या. त्यांपैकी पुष्कळ घरांत विजेच्या पेट्या बसविण्यात आल्या. रात्री वीज स्वस्त असे, तेव्हा पेटीतील जड विटा तापवावयाच्या, आणि दिवसा त्यांची ऊब घरात सोडावयाची, अशी ती युक्ती. बसविण्यास सोपी, परंतु वापरण्यास महाग. सायंकाळी, जेव्हा मुले शाळेतून व आईबाप कामावरून परत येतात, तेव्हाच पेटीची ऊब सरलेली असे. विजेचे बिल न झेपणारी वृद्ध माणसे पेटी बंद ठेवून घोंगड्यांत बसत. घर मिळाले, पण घराचे सुख नाही. कारण ते सुख दर महिन्यास पुन्हा विकत घ्यावे लागते.

यावर उपाय म्हणून काही ठिकाणी या जुन्या पेट्या काढून 'उष्णतेचा पंप' बसविण्यात येऊ लागला. लंडनच्या उत्तर भागातील एन्फील्ड येथे २०१८ च्या सुमारास नगरपालिकेच्या आठ उंच इमारतींतील सुमारे ४०० घरांत असे करण्यात आले. इमारतींभोवतालच्या जमिनीत खोल विंधणे पाडून त्यांत नळ्या सोडल्या; त्या नळ्यांतील पाणी प्रत्येक घरातील लहानशा पंपाकडे खेळविण्यात आले. विंधणे सामाईक, पंप ज्याचा त्याचा. बाहेर बर्फ पडत असता जमिनीखालील दहा-अकरा अंशांच्या खडकातून घरास ऊब मिळू लागली.

येथे चाणाक्ष विद्यार्थी तत्काळ अडवील, 'दहा अंशांच्या थंडगार खडकातून वीस अंशांची ऊब कशी येईल? उष्णता तर नेहमी उन्हाकडून थंडाकडे जाते!' शंका अगदी योग्य आहे. तिचे उत्तर म्हणजेच उष्णतेचा पंप.

हमाल आणि जोंधळ्याची पोती

पाणी आपोआप उतारावरून खाली वाहते. ते वर न्यावयाचे तर पंप लागतो. तद्वतच उष्णता आपोआप ऊन वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. ती उलट न्यावयाची तर श्रम करावे लागतात. हे यंत्र आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. फक्त त्याचे नाव वेगळे आहे. फ्रीजच्या मागील बाजूस हात लावून पाहावा. ती ऊन असते. आतील भाजीपाल्यातून काढलेली उष्णताच तेथे बाहेर टाकलेली असते. फ्रीज हा उष्णतेचा पंपच होय.

त्याची रीत अशी. नळीत एक असा द्रव असतो की, तो फार थोड्या उष्णतेवरही उकळतो. जमिनीतून आलेल्या दहा अंशांच्या पाण्याजवळून तो जातो तेव्हा त्या पाण्याची उष्णता शोषून त्याची वाफ होते. पुढे विजेवर चालणारा काँप्रेसर त्या वाफेस दाबतो. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे तोंड ऊन होते, हे आपण जाणतोच. त्याचप्रमाणे दाबलेली वाफ चांगली तापते. ही तापलेली वाफ घरातील पाण्याजवळून अथवा हवेजवळून नेली की, ती आपली उष्णता देऊन टाकते व पुन्हा द्रव होते. मग एका अरुंद छिद्रातून तिला सोडले की दाब उतरतो, द्रव थंडगार होतो आणि पुन्हा जमिनीकडे उष्णता आणावयास निघतो. उकळणे, दाबणे, निवणे, सुटणे: या चार पायऱ्यांचे रहाट अखंड फिरते.

याचा फायदा हिशेबाने पाहू. पाणी तापविण्याच्या विजेच्या कांडीत एक युनिट वीज खर्च झाली की सुमारे ८६० किलोकॅलरी उष्णता मिळते; कांडी कितीही महाग आणा, याहून अधिक एक कणही मिळणार नाही. परंतु तेच एक युनिट उष्णतेच्या पंपास दिले, तर घरात तीन ते चार युनिटांइतकी उष्णता येते. ही जादू नव्हे, आणि शक्तीच्या अविनाशित्वाचा नियमही येथे मोडत नाही. मोंढ्यातील हमाल चार भाकरी खाऊन दिवसभरात वीस पोती जोंधळा वाहतो. तो जोंधळा त्याच्या भाकरीतून निर्माण झाला काय? मुळीच नाही. जोंधळा गाडीत होताच. हमालाने तो इकडून तिकडे नेला. कांडी ही जोंधळा पिकविणारी आहे; पंप हा हमाल आहे. पिकविण्याहून वाहून आणणे स्वस्त पडते, आणि उष्णतेचे कोठार तर आपल्या पायाखालीच भरलेले आहे.

हमालास एक मजला चढावयाचा असेल तर श्रम थोडे. तीन मजले चढावयाचे असतील तर अधिक. पंपाचेही तसेच. बाहेरील शून्य अंशांच्या हवेतून उष्णता ओढण्याहून दहा अंशांच्या जमिनीतून ओढणे सोपे, कारण चढण कमी. जमिनीत नळ्या पुरण्याचा खटाटोप करावयाचा तो याचसाठी.

ही कल्पना नवी आहे असे मात्र समजू नये. फ्रेंच विद्वान कार्नो याने १८२४ मध्ये उष्णतायंत्राचे मूलतत्त्व मांडले. पुढे विल्यम टॉमसन, जे लॉर्ड केल्विन या नावाने विख्यात झाले, त्यांनी १८५२ मध्ये असे दाखविले की, यंत्राच्या साहाय्याने बाहेरील उष्णता आत आणून इमारती ऊबदार करणे हे थेट इंधन जाळण्याहून काटकसरीचे होईल, आणि तेच यंत्र उलट चालविल्यास उष्ण देशांत इमारती गार करिता येतील. ऑस्ट्रियात पेटर फोन रिटिंगर याने १८५० नंतरच्या दशकात मिठागरासाठी असे यंत्र प्रत्यक्ष उभारले. जमिनीतील उष्णता घेण्याची कल्पना स्वित्झर्लंडच्या हाइनरिख त्सोली याने १९१२ मध्ये पेटंट घेऊन मांडली, आणि १९३८ मध्ये त्या देशातील झुरिच शहराचे नगरभवन नदीच्या पाण्यातून उष्णता घेणाऱ्या पंपाने तापविले जाऊ लागले. तेव्हा कोळसा व तेल स्वस्त होते, म्हणून जगाने याकडे फारसे लक्ष दिले नाही. ज्ञान हाती असणे व ते वापरण्याची गरज भासणे, यांत कधी कधी शंभर वर्षे जातात.

आपल्या जिल्ह्यास याचा उपयोग किती?

आता घरी परतू. जे इंग्लंडात योग्य ते येथे जसेच्या तसे उचलावे काय? नाही. परक्याचा अंगरखा आपल्या अंगास बेतल्यावाचून घालू नये.

आपणांस घर तापविण्याची गरज थोडी. गार करण्याची गरज मोठी. केल्विन यांनी सांगितल्याप्रमाणे यंत्र उलट चालवून घरातील उष्णता जमिनीत सोडता येते, आणि चाळीस अंशांच्या हवेत ती सोडण्याहून २६-२७ अंशांच्या जमिनीत सोडणे सोपे असते. शिवाय नळ्या बंद असल्याने त्यांतील तेच ते पाणी फिरत राहते. भूजलाचा थेंबही उपसावा लागत नाही. आपल्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यास हा गुण मोलाचा आहे. परंतु अडचणीही तितक्याच खऱ्या आहेत. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे; भूकंपानंतर किल्लारी येथे शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल विंधण पाडले तेव्हा वरचे ३३८ मीटर हाच खडक लागला. त्यात विंधणे पाडणे खर्चाचे आहे. दुसरे असे की, थंड देशांत हिवाळ्यात जमिनीतून घेतलेली उष्णता उन्हाळ्यात सूर्य भरून काढतो; आपण मात्र वर्षातील बहुतेक महिने जमिनीत उष्णता टाकीतच राहिलो, तर काही वर्षांनी तेथील जमीनच तापेल आणि कोठाराचा गारवा सरेल. ठेवीतून काढावयाचे व ठेवीत भरावयाचे यांचा मेळ बसला पाहिजे, हा नियम पेढीस लागू आहे तसाच धरणीसही लागू आहे.

म्हणून शहाणपणाचा क्रम असा दिसतो. प्रथम जे फुकट अथवा अल्प खर्चात होते ते करावे. घरकुलाचे छत चुन्याने पांढरे केले तर ऊन परावर्तित होते. पश्चिमेच्या भिंतीस कडुलिंबाची सावली मिळाली तर दुपारचा मारा वाचतो. खिडक्या समोरासमोर असल्या तर रात्रीचा वारा घर धुऊन नेतो. २०१६ पासूनच्या पंतप्रधान आवास योजनेत ग्रामीण घरकुलास निदान २५ चौरस मीटर जागा ठेवण्याचा नियम आहे. तेवढ्या जागेत दिशा, सावली व झरोका यांचा विचार गवंड्यास आरंभीच सांगितला, तर त्यास फारसा खर्च येत नाही. भिंत जाड हवी असेल तर अवश्य जाड असावी. परंतु तीत जोडदगड व वरून सिमेंटचा बांधपट्टा असावा, आणि डोक्यावर मातीचा भार कदापि नसावा. आजोबांचे शहाणपण घ्यावे, आजोबांची चूक घेऊ नये.

दुसरी पायरी, जमिनीचा गारवा हवेच्या नळ्यांतून घेणे. दिल्लीजवळ गुरुग्रामच्या परिसरात 'टेरी' या संस्थेने आपल्या एका इमारतीसाठी सुमारे चार मीटर खोलीवर बोगदे पुरून त्यांतून हवा खोल्यांत आणली आहे. उन्हाळ्यात ती हवा निवते व हिवाळ्यात कोमट होते. तेथे नळदुर्गच्या महालाचेच तत्त्व नव्या वेषात दिसते.

तिसरी पायरी उष्णतेच्या पंपाची. आणि तिला आपल्याकडे सर्वांत योग्य जागा म्हणजे जेथे ऊन पाणी पुष्कळ लागते ती: रुग्णालये व वसतिगृहे. एक गणित मांडू. वसतिगृहात शंभर मुले आहेत, प्रत्येकास स्नानास १५ लिटर पाणी लागते, म्हणजे १,५०० लिटर. विहिरीचे २५ अंशांचे पाणी ४० अंशांपर्यंत तापवावयाचे, म्हणजे १५ अंशांची वाढ. एक लिटर पाणी एक अंश तापविण्यास एक किलोकॅलरी लागते. म्हणून १,५०० गुणिले १५ बरोबर २२,५०० किलोकॅलरी. भागिले ८६०, म्हणजे सुमारे २६ युनिटे. हे कांडीने. पंपाने तिप्पट काम झाले असे धरले, तर सुमारे ९ युनिटे. दररोज १७ युनिटांची बचत! शिवाय पाण्यात सोडलेल्या कांडीचा धक्का बसून होणारे अपघात टळतील, आणि बंबाखाली जाळावी लागणारी लाकडेही वाचतील. या गणितात वाटेत वाया जाणारी उष्णता धरलेली नाही. ती धरून वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी हिशेब पुन्हा करून पाहावा.

विद्यार्थ्यांनी करावयाचे काम

वाचून विसरण्याहून मोजून लक्षात ठेवणे बरे. ज्यांच्या घरी विहीर अथवा बोअर आहे, त्यांनी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नुकत्याच काढलेल्या पाण्याचे व बाहेरील हवेचे तपमान मोजून वहीत लिहावे. बोअरचे पाणी नळीतील शिळे पाणी वाहून गेल्यावरच मोजावे. बारा महिन्यांनंतर दोन्हींचे आलेख एकाच कागदावर काढावे. हवेची रेघ डोंगरदऱ्यांसारखी वरखाली होईल. पाण्याची रेघ जवळजवळ सपाट येईल. ज्यांच्या घरावर काँक्रिटचे छत आहे, त्यांनी वडिलांच्या परवानगीने एका खोलीवरील छत पांढरे करून, शेजारच्या खोलीशी उन्हाळ्यातील रात्री नऊ वाजताचे तपमान ताडून पाहावे. विहिरीवर व गच्चीवर ही कामे वडील माणसांच्या समक्षच करावीत.

पालकवर्गासही एक नम्र विनंती. घर बांधताना आपण मुहूर्त पाहतो, दाराची दिशा पाहतो, गवंड्याशी भाव ठरवितो. त्याबरोबरच भूकंपात भिंत टिकेल काय, आणि वैशाखात आत झोपता येईल काय, हे दोन प्रश्नही विचारावेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर न घेतल्याची किंमत आपल्या जिल्ह्याने एकदा मोजली आहे. दुसऱ्याचे उत्तर न घेतल्याची किंमत एका रात्रीत नव्हे, तर दर उन्हाळ्यात, तान्ह्या मुलांच्या रडण्यात व म्हाताऱ्या माणसांच्या तळमळीत मोजावी लागते.

खडकावर घर बांधणाऱ्या शहाण्या माणसाचा दृष्टांत आपण प्रार्थनेच्या वेळी ऐकतो. त्या खडकाने घरास स्थैर्य दिले. आता शास्त्र आपणांस सांगते की, तोच खडक स्थैर्याबरोबर ऊब व गारवाही देऊ शकतो; मात्र त्याच्याशी मैत्री कशी करावी हे शिकले पाहिजे. सास्तूरच्या अथवा राजेगावच्या नव्या गावठाणात वाढणारा आजचा एखादा मुलगा, एखादी मुलगी उद्या अभियंता होऊन असे घर बांधील की, ज्यात आईस भूकंपाचे भय वाटणार नाही आणि आजीला बाज अंगणात न्यावी लागणार नाही. पौषाच्या पहाटे विहिरीवर उभे राहून पोहऱ्यात हात घालाल तेव्हा, मित्रहो, या गोष्टीची आठवण करावी.